कलश माझ्याच हातात

आमच्या ट्रॉय शहरातल्या कम्युनिटी कॉलेजमधला रोमन इतिहासाचा कोर्स नवऱ्याने निवडला होता, आम्हा दोघांसाठी. जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, आता रिटायर झाल्यावर अजिबात उपयोगाचं नसलेलं काहीतरी शिकू, असं त्याचं म्हणणं. दोन-तीन शनिवार बरोबर गेलो. मग एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तो कोसळला, तो उठलाच नाही.

काही आठवड्यांनी मी एकटीच वर्गात जाऊन बसले. घरी येणारा प्रत्येक जण माझी कीव करायचा. वर्गात कुणाला काही माहीत नव्हतं.

त्या दिवशी प्रोफेसर एका राजघराण्यातल्या बाईबद्दल सांगत होते. पहिल्या सम्राटाची नात, सेनापतीची बायको. शत्रू आल्याची अफवा उठली तेव्हा घाबरलेले शिपाई नदीवरचा पूल तोडायला निघाले होते. त्यांचंच सैन्य अजून पलीकडे होतं. हिने पूल तोडू दिला नाही. परत येणाऱ्या जखमींना औषधं, कपडे वाटत उभी राहिली. पुढे नवरा दूर परमुलखात वारला. विष घातलं म्हणून कुजबुज झाली. ऐन हिवाळ्यात ही पोरांना घेऊन समुद्रमार्गे निघाली आणि माणसांनी गच्च भरलेल्या बंदरावर उतरली, नवऱ्याच्या अस्थींचा कलश स्वतःच्या हातात धरून.

माझ्या नवऱ्याच्या अस्थी तेव्हा आमच्या कपाटात होत्या, फ्युनरल होमने दिलेल्या डब्यात. साताऱ्याच्या धाकट्या दिरांनी सगळं ठरवून टाकलं होतं. त्यांचा मुलगा कामानिमित्त शिकागोला येणार होता, त्याच्याबरोबर डबा पाठवायचा. वाईला कृष्णेत विसर्जन ते करतील. बायका घाटावर येत नाहीत, तर मी एवढा प्रवास करून करणार काय?

घरी येऊन मी त्यांना फोन केला आणि अस्थी मी आणतेय म्हणून सांगितलं. ते बराच वेळ समजावत राहिले. लोक काय म्हणतील इथपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळं झालं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट गो. आय विल ड्राइव्ह यू टू द एअरपोर्ट."

विमानात शेजारच्या माणसाने बॅग वर ठेवू का विचारलं. नको म्हटलं. मुंबईपर्यंत ती मांडीवरच होती.

वाईच्या घाटावर गुरुजींनी अस्थी तांब्याच्या कलशात काढल्या. विधी दिरांनी केले, त्याला माझी हरकत नव्हती. मग त्यांनी कलशासाठी हात पुढे केला.

"वहिनी, द्या इकडे. तुम्ही वर थांबा."

"भावजी, याला मी इथवर आणलंय. पाण्यात मीच सोडणार."

ते गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, शेवटची पायरी निसरडी आहे, बाईंना कुणीतरी धरा. कुणी पुढे आलं नाही. मी एकटीच उतरले, गुडघाभर पाण्यात गेले आणि कलश उपडा केला. राख थोडा वेळ माझ्या साडीभोवती फिरली आणि गेली. दीर त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

परत आले तोवर कोर्स संपत आला होता. त्या बाईचा शेवट प्रोफेसरांनी थोडक्यात उरकला. आजोबांनंतर गादीवर आलेल्या सम्राटाला तिने कायम तोंडावर उत्तरं दिली. त्याने तिला एका बेटावर हद्दपार केलं. तिथे शिपायाच्या मारात तिचा डोळा गेला. तिने अन्न सोडलं, तोंडात कोंबलं तरी गिळलं नाही, आणि तशीच मेली. थोडं नमतं घेतलं असतं तर महालात म्हातारी होऊन मेली असती, असं ते म्हणाले. हट्टी आणि गर्विष्ठ बाई होती, त्या काळच्या इतिहासकारांनीही तसंच लिहिलंय.

मी हात वर केला. "ते इतिहासकार सगळे पुरुष होते ना?"

वर्ग हसला. प्रोफेसरही हसले आणि पुढच्या सम्राटाकडे वळले.

शेवटचा निबंध मी तिच्यावरच लिहिला. डिक्शनरी घेऊन, माझ्या इंग्रजीत, पानंच्या पानं. प्रोफेसरांनी बी मायनस दिला आणि खाली शेरा मारला की लेखिका उघडउघड या बाईची बाजू घेते.

घेतेच.