मागे बसणारे सोनटक्के सर

कुणी पत्ते पिसायला घेतले की सोनटक्के सर आपली खुर्ची उचलून त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवत. खिशातून सायकलची किल्ली काढून सावकाश कान कोरत आणि खांद्यावरून त्या माणसाची पाने बघत बसत. डाव संपला की खुर्ची दुसऱ्याच्या मागे. किल्ली तीच, सदऱ्याला पुसून पुन्हा कानात. मी त्यांना नीट पाहिले ते असेच, निलंग्यात एका खताच्या दुकानामागच्या खोलीत, रविवारच्या दुपारी. आमच्या शाळेत गणित शिकवायला ते नुकतेच रुजू झाले होते.

पुढे लातूरला त्यांच्या नावाचा क्लास झाला, तो अजून आहे. सर वारले तेव्हा क्लासच्या मंडळींनी स्मरणिका काढायची ठरवली आणि जुना सहकारी म्हणून माझ्याकडे चार चांगले शब्द मागितले. मी लिहायला बसलो. सर हुशार होते आणि वक्तशीर होते, इथवर लिहून झाले आणि पुढे हात चालेना. बाकी जे आहे ते हार घातलेल्या फोटोखाली छापण्यासारखे नाही. ते इथे लिहितो.

त्या खोलीत तीन पत्ती चालायची. प्रत्येकाला तीन पाने. पण पाने कशीही असोत, चाल म्हणजे लावायचे पैसे वाढवत नेऊन आपली भारी आहेत असे समोरच्याला पटवले तर तो पाने टाकून उठतो आणि डाव आपला होतो. म्हणून निम्मा खेळ पानांचा आणि निम्मा चेहऱ्याचा. आता असल्या खेळात परक्या माणसाला पाठीमागे बसू देऊ नये, हे कुणालाही कळेल. आमच्या लोकांना कळत नव्हते. मागे बसणाऱ्याचा पायगुण असतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत. सोनटक्के सर मागे बसले आणि दुकानदाराला एकदा तीन राजे आले, तेव्हापासून सरांसाठी ओढाओढ सुरू झाली. "सर, इकडं या की ओ. तुमी मागं बसलात की पान येतंय," असे म्हणत लोक स्वतः सरकून त्यांना जागा करून देत. वर चहा पाजत.

खेळायला बसा म्हटले की ते मान हलवत. "म्या खेळत न्हाई. म्या बघून राहिलो."

घरी जाताना आम्ही बरोबर निघायचो. वाटेत ते मला त्या दिवशीचे सगळे सांगत. आमचा हेडक्लार्क खोटी चाल करताना चष्मा वर सरकवतो. दुकानदाराला चांगले पान आले की तो चहा सांगतो. एसटीच्या कंट्रोलरचा पाय सारखा हलत असतो, तो थांबला की समजायचे भारी पान आहे. "खेळणाऱ्याला फकस्त स्वतःची पानं दिसत्यात, बिराजदार सर. बघणाऱ्याला सगळे दिसत्यात," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. दुसरे एक होते, ते सुपारी चघळत म्हणायचे: "पान कशाला बघायचं? पान आलेला माणूस बघायचा." तेव्हा मला याची गंमत वाटायची. एवढे बारीक बघणारा माणूस खेळत मात्र नाही, म्हणजे विरक्तच म्हणायचा, असे मी बायकोला सांगितल्याचेही आठवते. ती म्हणाली, "मांजर बी लई वेळ बसून राहतंय." तिला ते पहिल्यापासून आवडत नव्हते. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात ते सुपारीचा चोथा ठेवून जात, आणि तो तिलाच काढावा लागे.

मग भूकंप झाला. माझा मावसभाऊ दिगंबर याचे गाव आमच्यापासून जवळच. त्याचे घर पडले आणि त्याखाली त्याची बायको सुमन गेली. दिगू अंगणात झोपला होता म्हणून वाचला आणि त्यांची एकुलती एक रेखा शाळेसाठी आमच्याकडे निलंग्याला होती म्हणून वाचली. ती आठवीत होती. ढिगाऱ्यात सुमनच्या गळ्यातले थोडे काळे मणी सापडले. दिगूने ते कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवले. विचारले तर तंबाखू आहे म्हणायचा. तो तंबाखू खात नव्हता हे सगळ्यांना माहीत होते. कुणी पुढे विचारले नाही.

गावातली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली. आम्हा शिक्षकांना तिथे मदतवाटपाच्या ड्यूट्या लागल्या. मला दुसरे गाव आले, सोनटक्के सरांना दिगूचे. शेतावर जायला कुणाचे मन होत नव्हते. पत्रा तापला की बाप्ये बाहेर पडत, दोन शेडच्या मधल्या सावलीत पोते अंथरून पत्ते खेळत. चिंचोके लावून खेळत आणि खेळताना घरातल्या मेलेल्या माणसांविषयी बोलत. दिगू मला एकदा म्हणाला होता, "अण्णा, पत्त्यात बसलं की जरा डोकं हलकं होतंय." सोनटक्के सर तिथेही मागे बसू लागले. लोकांना बरे वाटले. शिकलेला माणूस आपल्यात येऊन बसतो, याचे त्यांना अप्रूप. पायगुणाची गोष्टही तिथे पोचलीच. दिगूने तर त्यांना आपल्यामागे बसायला घरातली एकमेव शाबूत राहिलेली खुर्ची दिली. सर अख्खा हिवाळा त्या खुर्चीवर बसले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मदतीचे चेक वटले. चिंचोके गेले, नोटा आल्या. आणि सोनटक्के सर पहिल्यांदा खुर्चीवरून उठून पोत्यावर बसले. लोकांनी हसून त्यांना जागा दिली.

दिगूने सुमनच्या नावाचे आलेले पैसे रेखासाठी वेगळे ठेवले होते. पोरगी गणितात चांगली होती. त्या वर्षांत लातूरचे नाव सगळीकडे झालेले, गल्लीगल्लीत क्लास आणि होस्टेलचे बोर्ड लागत होते. दहावीनंतर रेखाला लातूरला ठेवायचे, तिला डॉक्टर करायचे, हे सुमनचे बोलणे होते. ते पैसे तो काही आठवड्यांत सोनटक्के सरांकडे पत्त्यात हरला. मला कळले तेव्हा सगळे संपले होते. "नशीब फिरलं, अण्णा," एवढेच तो म्हणाला. "चांगलं पान आलं की सगळे उठून जायाचे. हलकं आलं की सर हटायचेच न्हाईत."

मी सरांकडे गेलो. ते अंगणात सायकल पुसत होते. पैसे परत करा म्हणालो. त्यांना खरेच नवल वाटले. "चोरी केली का म्या? पत्ते लपवले का? तो दाखवून राहिला, म्या बघून राहिलो." आणि मग, पूर्वी रविवारी सांगत तसेच, त्याच खुशीत, त्यांनी मला सांगितले. "तुमच्या भावाचं लई सोपं होतं. चांगलं पान आलं की त्याचा हात खिशाकडं जातो. पुडीला बोट लावतो. बायकोला सांगतो, सर. आपल्याला चांगलं आलंय म्हणून सांगतो. मंग म्या पानं टाकून द्यायचो. हात नाही गेला की चाल वाढवायचो." हे बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. माणसाचे दुःख बघून कुणाला रडू येते, कुणी मान फिरवतो. या माणसाने त्याचा उपयोग केला. मी पायरीवरून उठलो आणि पाणीही न पिता घरी आलो. शाळेत त्यांच्याशी कामापुरते बोलू लागलो. दिगूला मात्र हे सांगितले नाही. नशिबावर ढकलून त्याला झोप लागत होती, ती का मोडायची?

सरांनी नोकरी सोडली आणि लातूरला क्लास काढला. कुणाच्या पैशांवर, हे मी सांगायला नको. क्लास धो धो चालला. चालणारच होता. जुने पेपर समोर ठेवून पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असते ते त्यांनी हेरले, आणि त्यांची पोरे मार्क घेऊ लागली. फी कशी ठरवतात, हेही त्यांनी लातूरच्या बसस्टँडवर भेटले तेव्हा मला न विचारता सांगितले. "ॲडमिशनला आला की बाप कुठं बघतो ते बघायचं. बोर्डाकडं बघत असला तर कमी सांगायचं. पोराकडं बघत असला तर वाढवायचं." लोक त्यांना द्रष्टे म्हणत. त्यांच्या पायाला हात लावून पोरांना आत पाठवत.

रेखा दहावीला तालुक्यात पहिली आली. त्याच आठवड्यात सर पेढे घेऊन आमच्या दारात हजर. अंगात सफारी, बाहेर जीप. दिगू रेखाला भेटायला आला होता, तोही घरात होता. सर म्हणाले, "पोरीला माझ्याकडं द्या. फी नको, होस्टेल नको, काही नको. फकस्त बोर्डावर फोटो लावायचा. भूकंपातली पोरगी म्हणून." दिगूचे डोळे भरून आले. तो हात जोडून म्हणाला, "सर, तुमचं मन लई मोठं हाय." मला उठून त्या पेढ्यांचा खोका रस्त्यावर फेकावासा वाटला. पण पोरीचे शिक्षण पुढ्यात होते. दुसरीकडून लातूरचा खर्च निघण्यासारखा नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

रेखा दाराशी उभी होती. तिने शांतपणे विचारले, "सर, एक विचारू का? आप्पा म्हणतात, पत्त्यात नशीब फिरलं. खरंच सगळं नशिबावर असतं का?"

मी मध्ये बोलायला गेलो. पण सरांना कुणी प्रश्न विचारला की ते थांबत नसत. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "नशीब काही नसतंय, बाळ. निरीक्षण असतंय. आता तुझे आप्पाच घे." आणि समोर दिगू बसलेला असताना त्यांनी फळ्यावर गणित सोडवावे तसे पायरीपायरीने सगळे सांगितले. पुडी, बोट, चांगले पान आले की बायकोला सांगणे. त्यांना यात सांगू नये असे काही वाटलेच नाही. तिला शिकवतोय, असेच त्यांना वाटत होते.

दिगूचा हात खिशाकडे निघाला होता. तो मध्येच थांबला. त्याने तो हात खाली आणून मांडीखाली दाबून धरला. माझ्या भावाला आपल्या बायकोच्या मण्यांना हात लावायची लाज वाटली, आणि ती लाज त्याला या माणसाने माझ्या घरात, माझा चहा पिता पिता दिली. त्याला आता वर्षे झाली, सरही गेले, तरी एवढे एक त्यांना माफ करावे असे मला वाटत नाही.

रेखाने सगळे ऐकून घेतले. "कळलं, सर," ती म्हणाली. "मी तुमच्या क्लासला येणार नाही. चहा पिऊन जा." तिचा आवाज हलला नाही. ती आत निघून गेली. दिगूने तिला हाक मारली नाही.

ती नांदेडला माझ्या बहिणीकडे राहिली, साध्या कॉलेजात शिकली. डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले. आता लोह्याला शाळेत गणित शिकवते. आपण लातूरला गेलो असतो तर, असा विषय तिने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या दिवशी सरांना फाटकापर्यंत सोडायला मी गेलो, ते फक्त फाटक लावून घ्यायचे होते म्हणून. जीपमध्ये बसण्याआधी ते थांबले. नकाराचे त्यांना वाईट वाटलेले दिसले नाही. उलट एखादा चांगला डाव बघितल्यासारखे ते खुशीत होते. म्हणाले, "बिराजदार सर, पोरगी लई तयारीची हाय. एवढं ऐकलं, पण चेहऱ्यावर काही न्हाई. तिला काहीच वाटलं न्हाई, बघा."

मी आत आलो. स्वयंपाकघरात रेखा माझ्या बायकोला बिलगून जमिनीवर बसली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने काकूच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, आणि तिचे सगळे अंग हलत होते.