हजारातलं एक पॅकेट

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनत. महिनाभरापासून वेल्डिंग लाइनवरचे रोबोट चालता चालता मध्येच थांबत होते. हात तसाच वर राहायचा आणि पडद्यावर संपर्क तुटल्याची लाल पट्टी यायची. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरू व्हायचं, पण तोवर काम मागे पडलेलं असायचं.

प्लांट हेड अर्जुनरावांचं मत ठाम होतं. "ही पोरं कंपनीच्या वायफायवर व्हिडिओ बघतात. नेटवर्क तेच खातात." त्यांनी लाइनवरच्या तिघा ऑपरेटरना लेखी ताकीद दिली. त्यात नवनाथ होता. आणि कारखान्याचं नेटवर्क सांभाळायची ती नवनाथची बायको, वर्षाराणी.

दोघं मूळची औशाकडची, आता चिखलीत भाड्याने राहत. ती शिकली होती डिप्लोमा, पण खरं काम शिकली दुकानादुकानांत केबली ओढून. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. काही बिघडलं की घास गिळवत नसे. फोनवर बोलतानाही येरझाऱ्या चालू.

घरी जाताना स्कूटर ती चालवायची. मागून नवनाथने विचारलं, "फोनमुळंच व्हतंय का गं खरंच?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

हेच तिला टोचत होतं. काही सापडलं तर लोक म्हणणार, नवऱ्याला सोडवायला शोधलं. नाही सापडलं तर नवरा दोषी. आणि खरोखर फोनच निघाले तर? तो प्रश्न तिने वाटेतल्या मोशीपर्यंत मनातही पुरता उमटू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अर्जुनरावांकडे सॅम्पलिंग चालू करायची परवानगी मागितली.

"म्हणजे काय करणार, मॅडम?"

"सगळ्या केबली जुळतात त्या स्विचमधून माहितीची जी छोटी पॅकेटं जातात, त्यांतल्या दर हजारातलं साधारण एक उचलायचं. कुठून आलं, कुठं चाललंय, तेवढं बघायचं. त्याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर येईल."

"सगळीच का नाही बघत?"

"स्विच दमून जाईल, सर. जे जास्त वाहतंय ते हजारातल्या एकातही दिसतंच."

"मग कॅन्टीनचं वायफायपण घ्या त्यात."

तिने घेतलं. एकेका स्विचवर जाऊन सॅम्पलिंगचं प्रमाण टाकलं, नोंदी कुठे पाठवायच्या तो पत्ता टाकला, पडद्यावर रंगीत आलेख उमटू लागला. तिला जरा बरं वाटलं. मग रोबोट थांबले, आणि ती धावत कॉम्प्युटरपाशी आली, तर आलेखात नेमक्या त्या वेळेला भगदाड. आधीचं होतं, नंतरचं होतं, मधलं कोरं.

तिने प्रमाण दुप्पट केलं. पुन्हा रोबोट थांबले, पुन्हा भगदाड.

अर्जुनराव मागे येऊन उभे राहिले. "नेमकं तेव्हाचंच नाही?"

"नाही, सर."

जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते तिला पुरेसं होतं. मी नोंदी पुसल्या असं वाटतंय यांना, तिच्या मनात आलं. तिचे कान तापले. तिला खुर्चीत बसवेना. ती उठली आणि वर्कशॉपच्या छताखालून जाणाऱ्या केबलच्या वाटेने, मान वर करून, चालत सुटली. पॅकिंगमधल्या केसरबाईंनी दंडाला धरून तिला ट्रॉलीपासून बाजूला ओढलं. "खाली बघून चाल की, पोरी."

तिसऱ्या फेरीला तिला दिसलं. सगळ्या लाइनी शेवटी एकाच केबलने ऑफिसला जोडलेल्या होत्या, आणि तिचा कॉम्प्युटर ऑफिसात होता. ती केबल तुंबली की रोबोटचा ऑफिसातल्या सर्व्हरशी संपर्क तुटायचा, आणि तुंबल्याची नोंदही त्याच केबलमध्ये गळून पडायची.

तिने नोंदींसाठी वेगळी वायर ओढली. शिफ्ट बदलताना रोबोट थांबले तेव्हा आलेख अखंड होता. वेल्डिंग तपासायला कंत्राटदाराने महिन्यापूर्वी नवे कॅमेरे बसवले होते. ते साठलेले फोटो शिफ्ट सुटताना एकदम ऑफिसकडे ढकलत. आलेखात तो डोंगर होता; कॅन्टीनचे फोन म्हणजे तळाशी एक बारीक रेघ.

कॅमेऱ्यांना वेगळी वाट दिली आणि रोबोट थांबायचे थांबले. अर्जुनरावांनी तिन्ही ताकिदी मागे घेतल्या, तेही लाइनवर जाऊन, सगळ्यांसमोर. मग तिला केबिनमध्ये बोलावलं. "चांगलं काम केलंत. कॅन्टीनचं मात्र चालूच राहू द्या. कोण काय बघतं, कळायला हवं."

त्या संध्याकाळी नवनाथ मिठाई घेऊन आला. आनंदात होता. बोलता बोलता तिने कॅन्टीनचं सांगितलं, आणि त्याचा हात पुड्यावरच थांबला.

"म्हंजी आमी दिसतो व्हय तुला?"

"तुम्ही नाही दिसत. फोन कुठं जोडलाय तेवढं दिसतं. बोलणं, फोटो, काही नाही. तेही हजारातलं एकच."

"त्या एकात मी आलो तर?"

दुसऱ्या दिवसापासून तो गेटपाशीच आपल्या फोनचं वायफाय बंद करू लागला. तिने ते पाहिलं.

आठवडाभर ती आलेख उघडायची आणि कॅन्टीनची रेघ दिसली की मिटायची. शेवटी अर्जुनरावांकडे गेली. "सर, लाइन थांबत होती म्हणून हे लावलं. ते काम झालं. कॅन्टीनचं काढू?"

"नाही."

"मग लोकांना सांगू या. भिंतीवर नोटीस लावा."

"सांगितल्यावर कोण वापरेल?"

"न सांगता मी बघणार नाही, सर. दुसरं कुणी बघणारं शोधा."

त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "लिहा नोटीस."

तिने सोप्या मराठीत लिहिली, सही अर्जुनरावांची. दोन दिवसांत कॅन्टीनची रेघ जवळजवळ नाहीशी झाली. लोक आपापल्या फोनच्या डेटावर गेले. अर्जुनरावांनाही मग त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही.

वर्षाराणीला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. पण दुपारी ती डबा घेऊन बायकांच्या टेबलाशी गेली तेव्हा चाललेलं बोलणं तुटलं. एकीने पुढ्यातला मोबाइल उलटा ठेवला. केसरबाईंनी सरकून जागा दिली, भाजी विचारली. वर्षाराणी बसली, चार घास खाल्ले, आणि नेहमीसारखी अर्ध्या डब्यावर उठली.