तांबट आणि निपाणीची गाडी

तांबट तांबं तापवायला बसला की भर दुपारी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. उजेडात तांब्याचा रंग कळत नाही, म्हणून शटर. गॅसची ज्योत फिरवत तो त्या पातळ पत्र्याकडं असा बघत राहायचा, की बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत असलं तरी आमचे मालक हातानंच त्याला थांबवायचे. पत्रा गर्द लाल झाला की तो पाण्यात सोडायचा, पुसायचा आणि टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पुन्हा ज्योतीखाली. आवाज बसका आला की म्हणायचा, "झालं मऊ. आता ऐकंल."

माझ्या कामासाठी मालकांनी कधी गिऱ्हाईक थांबवलेलं मला आठवत नाही.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गॅरेजात मी त्याच्याआधी नऊ वर्षं होतो. माझ्याकडं मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. तो निपाणीहून आला, आठवी शिकलेला. घरचा धंदा तांब्याचे हंडे, घागरी घडवायचा; तो बंद पडल्यावर हा गाड्यांकडं वळला. म्हणून 'तांबट'. मला तो 'अण्णा' म्हणायचा, शेवटपर्यंत 'तुमी' म्हणायचा. त्याचाही मला राग यायचा, कारण त्यात खोट काढता येत नव्हती.

खरी सुरुवात सन्मतीच्या गाडीपासून झाली. सन्मती हा निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं जुन्या गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवून घेतला होता आणि रिकाम्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत तो ती पळवायचा. इंजिनचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये गॅसकेट असते; आतल्या जाळाचा दाब, पाणी आणि तेल यांना ती आपापल्या जागी ठेवते. टर्बोच्या दाबापुढं सन्मतीची गॅसकेट दोनदा फुटली. दोन्ही वेळा ती मी बसवलेली होती, पुस्तकात लिहिलंय तशी.

तांबटानं फुटलेली गॅसकेट हातात घेऊन जळलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "तांब्याची घालूया का?"

"तांब्याच्या गॅसकेटीतून पाणी गळतं," मी म्हणालो.

"व्हय, गळतंय. म्हणून तर जपायचं."

जाडी ठरवण्यावरून आमचं वाजलं. मला पातळ हवी होती, म्हणजे दाब वाढेल, ताकद वाढेल. त्यानं पिस्टनच्या डोक्यावर शाडूचा गोळा थापला, जुनीच गॅसकेट घालून हेड वरून आवळलं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं आणि हेड पुन्हा उचललं. दबलेला शाडू ब्लेडनं कापून त्यानं त्याची जाडी मोजली. व्हॉल्व्हच्या बाजूला फार थोडी जागा राहत होती.

"जाडच घालायची," तो म्हणाला.

"ताकद कमी होईल."

"ती टर्बो भरून काढंल, अण्णा. व्हॉल्व्हला पिस्टन धडकला तर ते कोण भरून काढणार?"

मालक हसले. मीही हसलो.

पुढचे चार दिवस तो त्या इंजिनला चिकटून होता. प्रत्येक सिलिंडरभोवती बारीक खाच पाडून आणली, तिच्यात स्टीलची तार बसवली. तार केसाएवढीच वर राहिली पाहिजे, म्हणजे ती मऊ तांब्यात रुतते आणि दाब अडवते. पाण्याच्या न् तेलाच्या भोकांभोवती सीलंट इतका पातळ लावला, की मला आधी वाटलं, लावलाच नाही. मग बोल्ट मधल्यापासून कडेकडं, क्रमानं, थोडे थोडे आवळले. इंजिन चालवून तापवलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. "तांबं तापलं की दबतंय," तो म्हणायचा. "गार झालं की जाऊन इचारायचं, बसलास का न्हाय?"

ती गॅसकेट शर्यतींचा अख्खा हंगाम टिकली.

त्यानंतर गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "तांबट हायेत का?" मी समोर उभा असायचो. हेही मी गिळलं. पण एका सकाळी माझे बाबा अनगोळच्या घरून स्कूटर घेऊन आले आणि माझ्यासमोरून सरळ त्याच्याकडं गेले. त्यानं कार्ब्युरेटर उघडला, दोघं अर्धा तास हसत बोलत होते. बाबा माझ्याशी इतकं कधी बोलले होते, ते मी आठवून पाहिलं.

"मला का नाही सांगितलं?" मी घरी विचारलं.

"तुला वेळ नसतो रे," बाबा म्हणाले.

त्या दिवशी माझ्याकडं एकही गाडी नव्हती.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर सन्मतीचं इंजिन पुन्हा उघडलं. तांबटानं तीच गॅसकेट तापवून मऊ केली, बसवली, इंजिन तापवून घेतलं. संध्याकाळी निपाणीहून फोन आला, त्याची आई घरात पडली होती. निघताना त्यानं टॉर्क पाना, बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा, माझ्या हातात दिला.

"अण्णा, सकाळी गार असताना एकदा आवळून घ्या. तेवढंच ऱ्हायलंय."

सकाळी मी पाना घेऊन गाडीपाशी उभाच होतो, तेवढ्यात सन्मती आला. मला नमस्कार केला आणि म्हणाला, "तांबटांनी सगळं केलंय न्हवं?"

अर्ध्या तासाचं काम होतं. 'अजून थोडं राहिलंय, बसा,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो. त्यानंच केलंय सगळं." आणि किल्ली दिली.

मी विसरलो नव्हतो. इतकी वर्षं झाली, अजून कधी कधी मीच स्वतःला सांगू बघतो की गडबडीत राहून गेलं. तसं नव्हतं.

शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत गाडीतून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. सन्मतीला काही झालं नाही. पण धावपट्टीच्या कडेला गाडी फरफटत थांबली, असं ऐकलं. पुढं काय होऊ शकलं असतं, याचा विचार मी किल्ली देताना केला नव्हता.

इंजिन परत आलं तेव्हा तांबटही परतला होता. हेड काढण्याआधी त्यानं एका बोल्टला पाना लावून पाहिला, मग दुसऱ्याला. सगळे ढिले. त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं.

"काय झालं रे?" मालकांनी विचारलं.

"माझंच ऱ्हायलं, मालक. आवळायचं ऱ्हायलं."

मालक त्याला सगळ्यांदेखत बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला. मी पण उभा होतो.

दुपारी नळावर हात धुताना मी त्याला गाठलं. "तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

तो नखातलं ग्रीस काढत राहिला. "गॅसकेट मी बसवली. आवळायचं काम माझंच होतं. दुसऱ्यावर टाकायला नको होतं."

त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो चिडून बोलत नव्हता. मनापासून स्वतःचीच चूक शोधत होता, आणि त्या 'दुसऱ्या'त मी होतो. लाज तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा हेवा वाटला. हा माणूस माझ्याहून चांगला मेकॅनिक होता हे मी कसंबसं सोसलं होतं. आता तो माझ्याहून चांगला माणूसही निघाला होता.

दोन महिन्यांनी तो कोइमतूरला गेला. तिथं शर्यतीच्या गाड्यांचं मोठं गॅरेज होतं, त्यांनी बोलावलं होतं. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला मध्येच धरलं. "बाबांच्या स्कूटरची क्लच केबल बघा," म्हणाला. "जरा उसवलीया."

तो गेल्यावर गिऱ्हाइकं माझ्याकडं येऊ लागली. मला हवं होतं तसंच झालं होतं. रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "तांबट कुठं गेले?" आणि मी सांगायचो. एक दिवस मालकांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? निपाणीला जा."

मी गेलो. सन्मती दुकानात बसला होता. एका हमालाशी कन्नडमध्ये बोलणं संपवून त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं: पाना माझ्या हातात होता, काम राहिलंय हे मला माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. चहावर साय धरली.

"मला वाटलंच न्हवतं तांबटांचं काही चुकंल असं," तो शेवटी म्हणाला. मग खिशातून फोन काढला. "इंजिन अजून तसंच पडलंय. त्यांचा नंबर हाय काय तुमच्याकडं?"

मी नंबर सांगितला. फोनमध्ये बघावं लागलं नाही. तांबट गेल्यापासून रोज मी तो नंबर लावायला घेत होतो आणि पुसून टाकत होतो. पाठ झाला होता.