हळदीच्या अंगानं काढलेला ड्रम

तेलगावच्या गहिनीनाथचं लग्न दुष्काळात झालं, बहात्तरनंतरच्या उन्हाळ्यात. बैल चारा-छावणीत, माणसं दुष्काळी कामाच्या खडीवर आणि पाणी दोन कोसांवर, अशी गावाची तऱ्हा होती. वरातीला घोडा कुठून मिळणार? तरी दिंद्रुडला सोयरीक जुळताना गहिनीनाथनं सांगून टाकलं, की मी मोटारीतून येणार आणि मोटार मीच चालवणार, कारण मी सहकारी संघाचा मिस्त्री आहे.

यातलं शेवटचं तेवढं खरं नव्हतं. संघाकडं काळी लँडमास्टर मोटार होती, पण गहिनीनाथ ती फक्त धूत असे, आणि धुवायला शेडातून आतबाहेर करता करता चालवायला तेवढा शिकला होता. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन जाऊन कोयत्याचा कंटाळा आलेला हा गडी संघात शिपाई म्हणून लागला आणि मोटारीच्या प्रेमात पडला. दुरुस्तीला माणूस आला की हा त्याच्या खांद्यावरून बघत उभा. एका रविवारी तर शेडाचं दार लावून त्यानं कार्बोरेटर सगळा उलगडला आणि परत जुळवला. एकच वायसर उरला. तो त्यानं पुढं कितीतरी दिवस कनवटीला जपून ठेवला होता.

पण नवरीचा मामा उत्तरेश्वर पक्का होता. त्यानं तेलगावच्या बाजारात चौकशी केली आणि निरोप धाडला: मोटार धुणाऱ्याला आमी मिस्त्री म्हणत न्हाई, मोटार घेऊन आलास तर खरा, न्हाईतर मांडवात चारचौघांत विचारीन, खोटं कावून बोललास म्हणून. नवरी सत्यभामा गहिनीनाथला मनापासून आवडली होती. तिच्यासमोर खोटा पडायचं म्हणजे काय, हे तो स्वतःला सांगूसुद्धा धजत नव्हता.

संघाचे चेअरमन आप्पा मोकळ्या मनाचे. पहिला पाऊस हुकला तेव्हापासून, दोन वर्षं, मोटार शेडात उभीच होती. ते म्हणाले, चालू करून नेत असशील तर ने. पंधरा दिवस खपून गहिनीनाथनं इंजिन बोलतं केलं, पुढची चाकं मोकळी केली. मागची राहिली होती. हँडब्रेक सोडला की फिरतील, असा त्याचा हिशेब. हळदीच्या दिवशी पहाटे त्यानं हँडब्रेक सोडला. चाकं हलेनात.

तो पाने घेऊन खाली शिरणार, तेवढ्यात आत्या भिवराबाई हळद लावायला घेऊन गेली. एकदा हळद लागली की वरात निघेपर्यंत नवरदेवानं घराबाहेर पडायचं नाही, आणि लोखंड हातातून सोडायचं नाही. कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचून ती त्याच्या हाती दिली. मोटार शेडात, नवरदेव अंगणात आणि मुहूर्त त्याच दिवशीचा, गोरज. गहिनीनाथ रडकुंडीला आला.

“तू जायचं न्हाई,” आत्या म्हणाली. “पर मोटारीला कुठं हळद लागलीय? तिला हिकडं आणा.”

खडीवरच्या बायामाणसांना दुपारपर्यंत सुट्टी होती. चाळीस जणांनी उसाच्या गाडीचे नाडे बांधले आणि लँडमास्टर ओढली. मागची चाकं फिरत नव्हती, घसटत होती. रस्त्यावर दोन सऱ्या उमटल्या. पुढं हलगी, मागं धूळ, मधी काळी मोटार. कुणी तरी तिच्या टपावर अक्षता टाकल्या.

मोटार मांडवाच्या कडेला आली तसा गहिनीनाथ कट्यारीसकट तिच्याखाली शिरला. कट्यारीनं स्क्रू निघेना. पेचकसही लोखंडच, हे त्यानं आत्याला पटवून दिलं. आत्यानं कट्यारीवरचं लिंबू काढून पेचकसाच्या टोकाला टोचलं. आता टोकच झाकलं! मग लिंबू हातोडीच्या दांड्याला, तिथून पान्याला, असं अवजार बदलेल तसं फिरू लागलं, आणि त्याचा रस ठिबकत राहिला. बाया हळदीची गाणी म्हणत होत्या, मधेच थांबून चौदाचा पाना हातात देत होत्या.

मोटारीचं मागचं अंग ओंडक्यांवर टेकवून दोन्ही चाकं काढली. ब्रेकचा ड्रम म्हणजे चाकामागचं लोखंडी भांडं, आत दोन ब्रेकपट्ट्या. हँडब्रेकची तार ढिली केली, ड्रमच्या तोंडावरच्या भोकातून पट्ट्या आत घेतल्या, दोन स्क्रू काढले, रॉकेल सोडलं आणि कडेनं गोल गोल ठोकलं. डावा ड्रम शहाण्यासारखा निघाला. गहिनीनाथनं आतल्या पट्ट्यांवरचा तांबडा गंज नखानं खरवडून पाहिला. त्याला उमगलं. ही करणी त्याचीच. रोज मोटार धुवायची आणि ओल्या ब्रेकवरच हँडब्रेक करकचून ओढायचा. शेवटच्या दिवशी धुतली तेव्हा तर त्यानं निरोप द्यावा तसा दोन दाते जास्तच ओढला होता. मोटार दोन वर्षं त्याच मुठीत उभी होती.

उजवा ड्रम मात्र हलेना. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. मामाचा चेहरा गहिनीनाथला ड्रममध्येच दिसू लागला.

त्रिंबक लोहार सकाळपासून बसून बघत होता. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी पट्टा, म्हणजे धाव, बसवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. तो उठून म्हणाला, “धाव कशी चढवतो आमी? तापवून. तापलं की लोखंड फुगतंय. हे बी लोखंडच न्हाई का?”

मोटारीची टाकी कोरडी होती. पेट्रोलचा डबा आप्पांच्या ओसरीवर. तरी चौघांनी मांडवाची त्या बाजूची कनात सोडून लांब नेली. ड्रमभोवती गोवऱ्यांचं कडं रचलं, पेटवलं, त्रिंबक सुपानं वारा घालू लागला. धुरानं वऱ्हाडाचे डोळे गळायला लागले; सासरी जायची पोर नसताना एवढं रडणारं अंगण तेलगावनं पहिल्यांदा पाहिलं. धाव चढवल्यावर पाणी ओततात तशी त्रिंबकनं सवयीनं घागर उचलली, आणि गहिनीनाथनं त्याचा हात पकडला. हे ओतीव लोखंड आहे, गरमावर पाणी पडलं तर तडकेल. त्रिंबकनं घागर खाली ठेवली आणि त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

गोवऱ्या बाजूला केल्या. गहिनीनाथनं हाताला गोणपाट गुंडाळलं, दोनदा ठोकलं, आणि सगळा जीव लावून ओढलं.

ड्रम सुटला तो असा, की नवरदेव मागं उलथला, ड्रम हातातून निसटला आणि गल्लीतून गडगडत निघाला. बाया लुगडी सावरत दोन्हीकडं पांगल्या. आप्पा पेट्रोलचा डबा घेऊन येत होते. गरम ड्रम पाहून ते डब्यासकट शेजारच्या ओट्यावर चढले. गहिनीनाथ पडला तो नेमका आंघोळीसाठी चार तांबे मांडून दोरा गुंडाळलेल्या चौकोनात. आत्यानं जपून ठेवलेलं अर्धी घागर पाणी तिथंच त्याच्या डोक्यावर ओतलं.

“बसलाच हायेस, तर बस,” ती म्हणाली.

ड्रम आपसूक निवू दिला. जाळानं आतली रबरं गेली होती. म्हणून मागच्या पट्ट्या काढून टाकल्या, मागं जाणारी तेलाची नळी चेपून बंद केली, ड्रम नि चाकं परत चढवली. म्हणजे मागं ब्रेक नाही, हँडब्रेक नाही, आणि पुढचे होते ते नावापुरते. त्रिंबक म्हणाला, जायला तर जाती ना? थांबायचं पुढं बघू.

दिंद्रुडच्या वेशीत मामा उत्तरेश्वर सोयऱ्यांसह उभा होता. वाजंत्री, ओवाळायचं ताट, सगळं तयार. लँडमास्टर आली. मुंडावळ्या डोळ्यांवर, हळदीवर काजळी, अशा नवरदेवानं खिडकीतून मामाला वाकून नमस्कार केला, आणि मोटार तशीच पुढं गेली. वाजंत्रीवाले वळून मागं पळाले. वेशीतल्या देवळाला मोटारीचा एक वेढा पडला, दुसरा पडला. दुसऱ्या वेळेला ताटवालीनं चालत्या मोटारीलाच ओवाळून घेतलं. शेवटी कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतून मोटार थांबली.

मामा धापा टाकत आला. मागं सगळं गाव, आणि मांडवाच्या कनातीआडून नवरीही बाहेर आलेली. मामानं विचारलं, “खरं सांगा. मिस्त्री हायेत का तुमी?”

गहिनीनाथला हो म्हणता आलं असतं. मोटार तर समोर उभी होती.

“न्हाई मामा. मी धुतो. धुऊन धुऊन मीच मागचे ड्रम गंजवून धरवले, दोन वर्षं. अन् आज मीच काढले.”

मामा वाकून चाकांकडं बघत राहिला. मग म्हणाला, धरवलेले काढले म्हणता, तर पोर देतो. पण ह्या मोटारीत मी तिला बसवणार न्हाई, सांगून ठेवतो.

लग्न गोरजावर लागलं, वाळू काढेपर्यंत थोडं उशिरानंच. पाठवणीच्या वेळी मामानं छावणीतून बैल आणून बैलगाडी उभी केली होती. सत्यभामा तिच्या शेजारून गेली, लँडमास्टरचं पुढचं दार उघडून आत बसली, आणि खाली पायाकडं बघून नवऱ्याला विचारलं, “ह्यातलं थांबायचं कोणतं?”

“कोणतंच न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला.

“मग चला की,” ती म्हणाली, आणि पदर कमरेला खोचला.