नारळाचं पाणी आणि माझी स्कूटर

पोरांनो, दसऱ्याला तुमच्या आजोबांनी माझ्या बॅटरीच्या स्कूटरची पूजा केली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार, सगळं यथासांग. मग नारळ फोडून त्याचं पाणी हँडलवर ओतलं. इथे ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना असंच न्हाऊ घालतात. दिवाळीनंतर एका सकाळी किल्ली फिरवली, तर दिवा नाही की आवाज नाही.

तुमच्या बाबाचा फोन आला. "बरंच झालं आई. या वयात कशाला हवी? विकून टाक."

आजोबांनी लगेच गिऱ्हाईकही शोधलं. स्कूटर गेली असती, तर वसमतच्या वाचनालयात जायलासुद्धा मला कुणाच्या तरी मागे, त्यांच्या सवडीने बसावं लागलं असतं. ते मी मान्य करणार नव्हते.

मेकॅनिक येऊन वरवर बघून गेला. "आतला सर्किट बोर्ड गेला, आजी. नवा टाकावा लागते."

"काहून गेला?"

"बोर्ड काय सांगून जाते का? कशाला तकलीफ घेऊन राहिल्या?"

"मग मीच विचारते त्याला," मी म्हटलं.

आयुष्यभर वर्गात वीज शिकवली आहे मी. हँडलवरचं झाकण उघडलं, स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले. मीटर लावला. बॅटरी भरलेली होती. तारेच्या टोकापर्यंत वीज येत होती, बोर्डावर मात्र पोचत नव्हती. म्हणजे दोष मधल्या कनेक्टरमध्ये. बॅटरी सोडवून तो ओढला, तर आत हिरवा गंज, एक पिन मुळातून तुटलेली, आणि खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

दाणा मी आजोबांच्या तळहातावर ठेवला.

"देवाचं पाणी होतं ते," ते म्हणाले.

"मग देवालाच पाजा. गाडीला कुंकवाचं बोट पुरे."

मेकॅनिकला फोन करून त्याच्या भंगारातल्या बोर्डावरचा तसाच कनेक्टर मागवला.

"जमायचं न्हाई तुमाला, आजी."

"तू पाठव फक्त."

खिडकीशी टेबल ओढलं, चष्म्यावर भिंग चढवलं. जुना कनेक्टर काढला, जागा स्पिरिटने पुसली, नवा सोल्डर करून बसवला. पहिल्यांदा कथील जास्त झालं आणि दोन पिना एकमेकींना चिकटल्या. आजोबा पेपराआडून बघत होते; माझी नजर जाताच त्यांनी पेपर वर धरला. शहाणे आहेत. मी कथील उतरवलं आणि पुन्हा लावलं. या वेळी मीटर प्रत्येक पिनेवर बरोबर बोलला.

सगळं जोडून किल्ली फिरवली. दिवा लागला. तेवढ्यात फाटकाशी ते गिऱ्हाईक उभं.

"काकू, गाडी बघायची होती."

"बघा की," म्हणत मी हेल्मेटचा पट्टा लावला आणि त्यांच्या समोरून वसमतच्या रस्त्याला लागले.