शरीफ माणसाचा तारा

अमेरिकेत गावातल्या सगळ्यांत शरीफ माणसाच्या छातीवर पितळेचा तारा लावतात, अशी बी.कॉम. होईपर्यंत माझी समजूत होती. बी.कॉम. झाल्यावरही होती. यंदाच्या मे महिन्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये, माझ्या हातात माइक असताना ती गेली.

समजूत बाबांनी दिलेली. आम्ही पाचपावलीत एका खोलीत राहायचो. वर टिनाचं छप्पर आणि नागपूरचा उन्हाळा, म्हणजे दुपारी घरात बसणं आणि तव्यावर बसणं यात फरक एवढाच की तव्यावर आपल्याला कोणी उलटवतं. आई दाराला ओलं लुगडं बांधायची. ते वाळेपर्यंत गार वाटायचं. (ते बांधून आई वळेपर्यंत वाळलेलं असायचं.) बाबा इतवारीत धान्याच्या गोदामात पोती उचलायचे. ऊन फारच चढलं की काम थोडा वेळ थांबायचं, आणि तेवढ्यात बाबा शेजारच्या टॉकीजमध्ये सगळ्यांत पुढच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. सिनेमासाठी नव्हे, कूलरसाठी. दुपारच्या खेळाला इंग्रजी सिनेमा, त्यामुळे गर्दी नाही, आणि वाळ्याचा गार वास. आता कूलरकडे किती वेळ बघणार? म्हणून बाबा पडद्याकडे बघायचे. तिथे बहुतेक वेळा घोडे असायचे.

संध्याकाळी घरी आले की आम्हाला गोष्ट मिळायची.

“एक गाव असते. धूळच धूळ, आपल्या कळमेश्वरच्या रस्त्यासारखी. त्या गावात एक शरीफ असते.”

“शरीफ म्हणजे?”

“शरीफ म्हणजे शरीफ. चांगला मानूस. त्याच्या छातीवर तारा असते.”

“तारा काहून?”

“वळखू याले नको का? साऱ्या गावात एकच शरीफ. बाकी सारे बदमाश.”

आई चुलीपाशी बसून म्हणायची, “आपल्या मोहल्ल्यात तं तारा तसाच पडून राहीन.”

बाबांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण त्या ताऱ्यावाल्याला पडद्यावरचे सगळे लोक ‘शरीफ, शरीफ’ म्हणून हाक मारतात, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आपल्याकडचा शब्द तिकडेही चालतो याचा त्यांना कोण अभिमान. मी मात्र सारखी एकच गोष्ट विचारायचे, “मग पुढे काय झालं?” आणि गोष्ट कितीही गोळीबाराची असली तरी शेवटी एका विहिरीवर यायची. विहिरीवर बदमाशाचा पहारा. गावाला पाणी नाही. मग शरीफ काहीतरी करायचा आणि सारं गाव त्या विहिरीचं पाणी प्यायचं. सगळे इंग्रजी सिनेमे पाणी पिऊन संपतात, ही माझी दुसरी समजूत.

पुढे मी शिकले. आमच्या घरातच नव्हे, अख्ख्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट. (हे मी कोणालाही भेटल्या भेटल्या सांगते. न विचारता सांगते.) विजेच्या ऑफिसात लागले, वर्धा रोडला फ्लॅट घेतला, आणि आई गेल्यावर बाबांना तिथे आणलं. इंग्रजी सिनेमा मात्र मी कधी पाहिला नाही. पाहायचं काय त्यात? सगळे मला तोंडपाठ होते.

फ्लॅट बाबांना मानवेना. त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. लिफ्टने खाली जायचे, बाकावर टेकतात न टेकतात तोच उठायचे, लिफ्टने वर. दाराआड खिळ्याला त्यांची नायलॉनची पिशवी टांगलेली. तिच्यात दोन सदरे, दोन पायजमे आणि आईचा फोटो, सदा तयार. मी ती रिकामी करून कपाट लावलं की दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा भरलेली.

“काय कमी आहे बाबा इथं?”

“कमी काहीच नाही वं. लोकं चांगले आहेत. नमस्कार करतात अन लिफ्टमधी घुसतात. कोनी काही इचारत नाही.”

“काय इचारावं त्यायनं?”

“ते बी आता मीच सांगू का?”

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी सकाळी ते पाचपावलीला परत जाणार. त्याच खोलीत, त्याच टिनाखाली, भर मे महिन्यात, एकटे. समजावून झालं, भांडून झालं, रडून झालं. पिशवी खिळ्यावरच. माझं ऑफिसात लक्ष लागेना. बिलाची तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थाला मी म्हणाले, “तुम्ही थोडे दिवस राहून तर बघा.”

आणि त्याच आठवड्यात पांढरीपांडे काकांचा सिनेमा आला. पांढरीपांडे काका म्हणजे आमच्या सोसायटीचे निवृत्त इंजिनिअर. दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये ते एक जुना सिनेमा दाखवतात आणि त्याआधी कोणीतरी त्यावर बोलायचं असा त्यांचा नियम आहे. त्या शनिवारी घोड्यांचा इंग्रजी सिनेमा होता. विषय होता, ‘जुने वेस्टर्न आजही मनाला का भिडतात?’

“कोण बोलणार?” काकांनी आधीच्या मीटिंगमध्ये विचारलं. सगळे चपलांकडे बघू लागले.

मी हात वर केला. डोक्यात एकच हिशेब होता. मी बोलेन, बाबांचं नाव घेईन, लोक बाबांना काहीतरी विचारतील, पिशवी खिळ्यावर राहील.

“मी नाही येत,” बाबा म्हणाले. “मोठे लोकं, इंग्रजी सिनेमा. मी कायले?”

“घोडेवाला आहे.”

बाबा थांबले. “शरीफ आहे का त्याच्यात?”

“आहे म्हणतात.”

“मंग इस्त्रीचा सदरा काढ.”

हॉलमध्ये पंखे होते, पण ते गरम हवाच फिरवत होते. बाबा उकाड्याने उठून गेले तर? मी घरचा कूलर खाली आणवला आणि प्रोजेक्टरच्याच एक्स्टेंशन बोर्डात त्याची पिन खुपसली.

“मॅडम, लोड घेईल ना हा?” पांढरीपांडे काकांनी विचारलं.

“काका, मी विजेच्या ऑफिसात आहे,” मी म्हणाले. अशा आवाजात, की पुढे कोणी काही विचारू नये.

मग मी बोलले, आणि काय बोलले. सुरुवात अर्थातच ‘मी बी.कॉम. असल्यामुळे’ अशी. म्हणाले, हे सिनेमे मनाला भिडतात कारण त्या समाजात चांगुलपणाची कदर होती. गावोगावी पंचायत बसायची, सर्वांत शरीफ माणूस निवडायची आणि त्याच्या छातीवर तारा लावायची. आपल्याकडे अशी पद्धत का नाही, यावर सगळ्यांनी विचार करायला हवा. शिवाय प्रत्येक वेस्टर्नच्या शेवटी गाव एका विहिरीचं पाणी पितं, यातला संदेशही लक्षात घ्यावा. हे सगळं मला माझ्या वडिलांनी सांगितलं, ते समोरच बसले आहेत.

टाळ्या झाल्या. बाबांनी मान वळवून मागच्या रांगांकडे एकदा बघून घेतलं. तेवढ्यात पांढरीपांडे काका चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, एक शंका. तो शब्द शेरीफ आहे. म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी. तारा हा त्याचा बिल्ला. शरीफशी त्याचा काही संबंध नसावा.”

आधी एक जण हसला. मग हॉल हसला. जैस्वाल भाभी, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या, पदर तोंडावर धरून हसल्या. मी हसल्यासारखं केलं. बाबा तेवढे हसले नाहीत. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पिशवी खिळ्यावरून उतरली.

सिनेमानेही आमच्याशी दुष्मनी धरली होती. गाव होतं, धूळ होती, विहीरही होती. तिच्यावर एका धनदांडग्याचा पहारा. आणि ताऱ्यावाला माणूस नेमका त्या धनदांडग्याच्या खिशातला.

“लो, शरीफ ही बदमाश निकला,” मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

“हे कसं वं?” बाबा हळूच म्हणाले. “तारा लावून असं?”

मध्ये काकांनी चहा-समोशासाठी इंटरव्हल दिला. दिवे लागले तसे बाबा ताडकन उठले आणि दाराकडे चालू लागले. मी मागे धावले.

“बाबा, कुठं चालले?”

“इंटरव्हल झाला ना. ट्रक लागला असन.”

“कोणता ट्रक?”

बाबा थबकले. स्वतःशीच हसले, मग दाराच्या कडेला मला धरून म्हणाले, “बेबी, इंटरव्हल झाला का मी निघतच होतो. गोदामात ट्रक लागे. पुढचं कधी पायलंच नाही.”

“एकाही सिनेमाचं?”

“एकाही नाही.”

“मग ते शेवट? ती विहीर?”

“तू इचारे ना, पुढे काय झालं. मले का माहीत पुढे काय झालं? मी पोते उचलून राहिलो होतो. सांगाच लागे काहीतरी.”

मी भिंतीला टेकले. म्हणजे नुकतंच मी भरल्या हॉलसमोर ज्या शेवटांवर प्रवचन झोडलं, ते शेवट जगात कोणीच काढलेले नव्हते. ते पाचपावलीत, टिनाखाली, पाठ दुखत असताना तयार झाले होते.

“उद्या सकाळी जातो मी,” बाबा म्हणाले. “तुह्या इज्जतीचा पार कचरा केला.”

“आज पुढचं पाहून जा,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांना हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून कूलर फुल्ल केला.

सिनेमा ऐन रंगात आला. बाहेरगावहून आलेला एक घोडेस्वार एकटा रस्त्यावर उभा. समोर धनदांडग्याचे लोक. आणि तो लबाड शेरीफ आपल्या ऑफिसात एकटाच बसलेला, तारा काढून टेबलावर ठेवलेला, नुसता त्याच्याकडे बघतोय. आता हा काय करणार? सगळा हॉल पुढे झुकला. मीसुद्धा खुर्चीच्या टोकावर आले.

माझ्या कूलरने एक उचकी दिली, बोर्डातून ठिणगी उडाली आणि सगळं काळं झालं.

अंधारात सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळल्याचं मला दिसलं नाही, पण कळलं.

“मॅडम,” पांढरीपांडे काकांचा आवाज आला, “बघता का जरा? तुम्ही विजेच्या ऑफिसात…”

“मी बिलिंगला आहे,” मी म्हणाले.

चौकीदार फ्यूजची तार शोधायला गेला. उकाडा वाढला. मोबाइल उघडले, खुर्च्या सरकल्या, लोक उठायच्या बेतात. तेवढ्यात जैस्वाल भाभींचा आवाज आला, “बाबूजी, आपने तो ऐसी बहुत पिक्चरें देखी हैं ना? ये तारेवाला अब क्या करेगा?”

मी बाबांचा हात धरला.

“हो, बाबूजी, सांगा ना,” पांढरीपांडे काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा नरम होता. “पुढे काय झालं?”

किती वर्षांनी त्यांना कोणीतरी हे विचारत होतं. बाबांनी घसा खाकरला.

“आता पाहा गा,” ते म्हणाले, “तो तारा त्याच्याकडं पाहून राहिला, अन तो ताऱ्याकडं. मंग त्यानं तारा उचलला अन लावला. बंदूक तिथंच टेबलावर. भाईर आला. हातात काय, तं बकेट.”

“बकेट?”

“पान्याची बकेट. चालला विहिरीकडं. तो बदमाश म्हने, गोळी घालीन. हा म्हने, घाल. साऱ्या गावासमोर बकेटवाल्या मानसाले घालतो काय गोळी? घाल. अन यानं दोर सोडला. गडगडी वाजून राहिली, सारं गाव खिडकीतून पाहून राहिलं. यानं पानी काढलं, अन पहिलं स्वतः नाही पेला. एका म्हातारीच्या दारात नेलं. मंग एक दार उघडलं, बकेट घेऊन बाई भाईर. मंग दुसरं दार. किती जनाले घालन गोळ्या?”

कोणी उठलं नाही. कोणी मोबाइल बघितला नाही. अंधारात कोणीतरी नाक ओढलं, आणि ते मीच होते असं नाही.

दिवे आले. (कूलरची पिन काकांनी स्वतः काढून खिशात टाकली. पिन निघत नव्हती, तर वायरसकट उपटली.) सिनेमाचा उरलेला भाग लागला. घोडेस्वाराने धडाधड सगळ्यांना गोळ्या घातल्या, शेरीफ मागच्या दाराने पळाला, घोडेस्वार डोंगराकडे निघून गेला. समाप्त.

“और पानी?” जैस्वाल भाभी म्हणाल्या. “पानी किसी ने पिया ही नहीं?”

“राहिलंच की ते,” पांढरीपांडे काका म्हणाले. त्यांनी रिमोटने मागे जाऊन पुन्हा पाहिलं. विहीर तशीच होती, कोरडीठाक माणसं तशीच. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, “चुकलंच त्यांचं. बाबूजींचा शेवट बरोबर आहे.”

रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून, पिशवी हातात घेऊन तयार होते. बेल वाजली. दारात पांढरीपांडे काका, मागे भाभी. काकांच्या हातात मिठाईच्या डब्याच्या सोनेरी पुठ्ठ्याचा कापलेला तारा. इंजिनिअरने कापलेला, त्यामुळे पाचही टोकं सारखी.

“बाबूजी, पुढच्या शनिवारचा सिनेमा ठरवायचाय,” ते म्हणाले. “आता मी इंटरव्हललाच बंद करत जाईन. पुढचं तुम्ही.”

बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि छाती पुढे केली.

“अन मले?” मी विचारलं.

“साऱ्या गावात एकच असते,” बाबा म्हणाले. “तू बी.कॉम. आहेस ना, त्याच्यावर भागव.”

बाबा राहिले. त्या पिशवीत आता मी भाजी आणते. आणि मी बी.कॉम. आहे हे आजकाल कोणालाही सांगत नाही, कारण सोसायटीत मला सगळे ओळखतात. शरीफसाहेबांची मुलगी म्हणून. हॉलच्या दारात माझं स्वागत होतं, आणि मग माझ्या हातात कसली वायर तर नाही ना, ते बघूनच आत सोडतात.