भावोजींची धाप

आमच्या भावोजींइतका विचारी माणूस सबंध गिरगावात नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईत प्लेग येण्याच्या आधीची दोन-तीन वर्षं मी नोकरी शोधत त्यांच्या बिऱ्हाडी राहत होतो. ठाकूरद्वाराजवळची चाळ, तिसरा माळा. भावोजी कुलाब्याला एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापसाचे नमुने पारखायच्या कामावर होते. सकाळी जाताना काळा कोट, संध्याकाळी येताना तोच कोट पांढरा, आणि ताई गॅलरीत उभी राहून तो झटकत असे.

त्यांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. एक हात कठड्यावर ठेवत, खाली बघत, बराच वेळ गप्प राहत आणि मग दोन-तीन शब्द बोलत. "घाई नको." "दोघांचंही बरोबर." त्या मधल्या शांततेमुळे या शब्दांना असं काही वजन येई, की लोक ते घरी नेऊन त्यांचा अर्थ लावत बसत. मुलीचं लग्न ठरवण्यापासून भाडेकरूंच्या कुरबुरींपर्यंत सगळं त्यांच्यापुढे येऊ लागलं. मायाळूही तेवढेच. जिना चढताना पहिल्या माळ्यावर थांबून तिथल्या म्हातारीच्या गुडघ्यांची विचारपूस करत, दुसऱ्यावर थांबून मास्तरांच्या घरचं लोणचं मुरलं का ते विचारत. रस्त्यात तर दर चार दुकानांनंतर उभे राहत. तांबटाला वाटे गिऱ्हाईक आलं, तो उठून भांडी मांडी, आणि भावोजींना भिडेखातर काहीतरी घ्यावं लागे. आमच्या घरात माणसं तीन आणि तांबे शेल्फभर होते. रात्री ते भिंतीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपत. शेजारी म्हणत, योगाभ्यास आहे.

शिवाय ते सुधारक होते. ताईला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, आणि एके दिवशी तिला एकटीला पोस्टात पाठवलं. पहिल्या माळ्यावरची म्हातारी मला म्हणाली, "आज पोस्टात धाडतोय, उद्या कोर्टात धाडेल." वाचनालयातल्या मंडळींनी मात्र स्त्रीशिक्षणावर व्याख्यान द्या म्हणून आग्रह धरला. भावोजींनी कठड्यावर हात ठेवला, थांबले, आणि म्हणाले, "बोलण्यापेक्षा करावं." मंडळी भारावून परत गेली.

मग एका सोमवारी संध्याकाळी नळावरून तंटा झाला. दोन बिऱ्हाडं आमच्या दारात आली. एक मास्तरांचं, दुसरं परळच्या एका गिरणीत कारकून असलेल्या गृहस्थांचं. भावोजी नुकतेच वखारीतून आलेले, खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. दोन्हीकडच्या लोकांनी आपापली बाजू मांडली आणि ते निवाड्याची वाट पाहू लागले. भावोजी बोलेनात. मास्तर मला हळूच म्हणाले, "खोल शिरलेत आज." कारकून म्हणाले, "शिरू द्या, मला घाई नाही." कोणी हलेना. भावोजींच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी सगळे अदबीने उभेच होते. इतक्यात ताई चहा घेऊन बाहेर आली. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"ते विचार करत नाहीयेत," ती म्हणाली, "त्यांना श्वास येत नाहीये."

गिरणीतले कारकून तेवढ्यात सावरले. त्यांनी खिडक्या उघडल्या, भावोजींचा कोट काढून गॅलरीत टाकला. "आमच्या खात्यातल्या पोरांना होतं असं. सोमवारीच जास्त." तासाभराने धाप ओसरली. चाळीत तोवर निदानांना ऊत आला होता. म्हातारीच्या मते दृष्ट, मास्तरांच्या मते वात.

दुसऱ्या दिवशी कारकुनांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं परळला गेलो. डॉक्टर तरुण, बोलायला रोखठोक. त्यांनी नळी लावून छाती पुढून-मागून ऐकली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. केव्हा होतं? काय करताना? कळ हातात उतरते का? रविवारी कसं असतं?

"रविवारी बरा असतो," भावोजी म्हणाले.

"वखार बंद असते म्हणून. तुमचं हृदय ठणठणीत आहे. कापसाची धूळ आत जाते आणि श्वासाच्या नळ्या आवळतात. वर तुम्ही घाबरता, म्हणजे आणखी आवळल्यासारखं वाटतं. वखार सोडा. धाप लागली तर आडवं होऊ नका, बिनदुधाची कडक कॉफी घ्या. वाढत गेली तर लगेच इथे या. इतके दिवस का नाही आलात?"

याचं उत्तर भावोजींनी दिलं परतीच्या ट्राममध्ये, लालबागच्या जवळपास. त्यांचे वडील आणि काका तिशीच्या आत असेच धापा टाकत गेले होते. आपलंही तेच होणार, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा छाती दाटली तेव्हाच गृहीत धरलं होतं.

ताई ट्रामच्या घोड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मला शिकवलं ते..."

"मागे तुझं अडू नये म्हणून."

"आणि मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून."

"ती तर तू आहेसच," भावोजी म्हणाले. ताईने पदर डोळ्यांना लावला. मी दुसरीकडे बघू लागलो.

वखार सुटली. एका वकिलाच्या कचेरीत नकला करायचं काम मिळालं. पगार कमी होता, पण महिन्या-दोन महिन्यांत भावोजींचा श्वास मोकळा झाला आणि भावोजी बोलायला लागले. काय बोलायला लागले! इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडू लागलं. सल्ला मागायला आलेल्या माणसाला प्रश्न संपायच्या आत उत्तर मिळे, आणि ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. हळूहळू लोक यायचे थांबले. मास्तर ताईला म्हणाले, "पूर्वी फार विचारी होते हो."

पावसाळी हवेत कधीतरी छाती दाटायची, पण आता ते लपवत नसत. ताई कॉफी ठेवी, ते पुढे वाकून बसत, आणि ओसरली की राहिलेलं वाक्य पुरं करत. कोणा तरुणाला धाप लागते असं कानावर आलं की त्याला हाताला धरून परळला नेत. एकाची परीक्षेची धास्ती निघाली, एकाचं खरोखरच हृदय दुबळं निघालं. त्याला उशिरा आणलं होतं. भावोजी शेवटपर्यंत त्याच्या उशाशी जात राहिले.

पुढे प्लेग आला आणि चाळ रिकामी झाली. कोण कुठे पांगलं ते कळलं नाही. भावोजी-ताईंनी दादरला, तेव्हा शेतंच होती तिथे, दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिले. ताई गेली त्याला आता काही वर्षं झाली. मुलं कामात, सुनांना घरचं पुरतं, ऐकायला कोणी नसतं. म्हणून मी रविवारी जातो. ते बोलतात. त्यातलं बरंचसं माझं पाठ आहे. मध्येच एखादं नाव ते चुकतातही. मी दुरुस्त करत नाही.